उपसंहारात कोण कोण मरतं

चि. सौ. ठकूस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आणि मेहुण्यांचं घोरणं, यांतलं एक तरी कमी झालं असेल अशी आशा आहे. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. रविवारी आईला न्यायला येतेस हे कळलं. उत्तम. मालिकेचं पर्व संपेपर्यंत राहते म्हणून ती आली होती; ते काल संपलं आणि सोबत माझं काव्यशास्त्रही बुडालं.

यापूर्वी आम्ही ती राजघराण्याची मालिका पाहिली. शेवटच्या भागात अर्धं घराणं विषाने गेलं. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव, करुणरसाचा सगळा सरंजाम होता. (व्यभिचारी म्हटलं की तुझी वहिनी अजूनही माझ्याकडे रोखून बघते.) आई मटार सोलत होती. राजा गेला, मी म्हटलं. "येईल पुढच्या पर्वात," ती म्हणाली, "करार असेल त्याचा."

ही कालची मालिका मात्र शिवणकामाच्या दुकानाची. मालकीण, तिचा दीर आणि एक बटणं लावणारी. शेवटच्या भागात घडतं काय, तर मापं घेतात, चहा पितात, शटर ओढतात. पण दुपारी आईने विचारलं होतं, आज काय दाखवणार रे? मी म्हणालो, आज नुसता उपसंहार. (म्हणजे आवरतं घेणं, हे मी सांगायला हवं होतं.) उपनगर म्हणजे धाकटं नगर, उपाध्यक्ष म्हणजे धाकटा अध्यक्ष, तेव्हा उपसंहार म्हणजे छोटासा संहार, असं तिने ठरवून टाकलं. व्युत्पत्ती चूक आहे, पण तर्क मला खोडता येईना.

मालकीण जिना उतरू लागली तशी आई कळवळली, "अगं, कठडा धर!" दिराने कात्री उचलली, आईने माझा दंड धरला. बटणं लावणारी चहात जास्तीची साखर घालत होती. "घालू दे," आई म्हणाली, "बिचारीला काय ठाऊक." मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर वहिनीने मला गप्प केलं, तीही रडत होती. शटर खाली आलं, सगळी सुखरूप घरी गेली, आणि आईने देवाला नव्हे, थेट दिग्दर्शकाला हात जोडले.

तेव्हा माझा नवा सिद्धान्त असा, की पडद्यावर माणूस मेल्याने कुणी रडत नाही. तो चहा ढवळत असावा आणि उद्यापासून दिसणार नाही एवढं आपल्याला ठाऊक असावं, की झालं. (माझेही डोळे भरले, पण माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय.) आज सकाळी आई दूध गाळत होती आणि मी उगाच स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. "काय हवंय?" म्हणाली. मी गाळणं मागितलं.

बाकी सर्व क्षेम. मुलांना पापा.

तुझा,
दादा

ता. क. रविवारी येऊ नकोस. तुमची लिफ्ट बंद पडते, आईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. शिवाय वहिनीला तिची सवय झालीय. (वहिनीला.)

आणखी एक ता. क. पत्र आईने वाचलं. म्हणाली, "दोन स्टॉपवर लेकीकडे निघालेय मी, आणि हा पत्रं कसली लिहितोय?" बॅग तिने कालच भरलीय. तेव्हा ये. सकाळीच यायला हवं असं नाही. संध्याकाळी उशिरा आलीस तरी आम्ही घरीच आहोत.