धडा तिसरा : व्हिजिटिंग कार्ड

४ मार्च, मंगळवार

पंखा! परत पंखा! अख्खा धडा रेकॉर्ड झाला, ऐकायला बसले तर मागे घर्र घर्र. "फक्त एकवर ठेवला होता," म्हणे नवरा. एकवर काय अन् पाचवर काय, माइकला सगळं ऐकू येतं! मी ओरडले. ह्याने उठून पंखा बंद केला आणि पुठ्ठ्याने वारा घेत बसला. पुठ्ठ्याचाही आवाज येतो, पण तो मी एडिटिंगमध्ये उडवला.

डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकवायचे वीस धडे. महिनाअखेर पूर्ण केले तर कोर्सवाली कंपनी मला कायमची घेणार. तोवर दोन खोल्यांत टाचणी पडली तरी चालणार नाही. ह्याला कबूल आहे. निदान तो नाही म्हणालेला नाही.

६ मार्च, गुरुवार

तिसरा धडा सगळ्यात जास्त बघितला जातोय! व्हिजिटिंग कार्ड कसं करावं. नमुन्यात खोटा नंबर टाकायला हवा होता, बोलण्याच्या नादात आपलाच टाकला. असो. कोण एवढं बघतंय!

८ मार्च, शनिवार

बघतायत. सकाळी सकाळी एक बाई रडकुंडीला येऊन — "अक्कलदाढ दुखतेय हो, आज घ्याल का?" मी म्हटलं राँग नंबर. दुपारी एकाला भिंत पाडून हवी होती. मग एकाला कुत्र्याचे केस कापून हवे होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक धडा बघून आपापली कार्डं करतायत. नाव बदलतात, धंदा बदलतात, नंबर मात्र माझाच ठेवतात! मीच म्हणाले होते ना, "मी करते तसंच्या तसं करा." घ्या!

ह्याला सांगणार होते. पण हा हसायला लागला की लवकर आवरत नाही, आणि मला पुढचा धडा सुरू करायचा होता. नंतर सांगू.

९ मार्च, रविवार

एका विद्यार्थ्याचा प्रश्न : "मॅडम, मध्येच तुम्ही 'अगं बाई' म्हणता, ते कुठल्या मेनूत आहे? खूप शोधलं, सापडत नाही."

१२ मार्च, बुधवार

भीक नको पण कुत्रा आवर! नंबर बदलता येत नाही, कंपनीचं सगळं ह्याच नंबरावर चालतं. म्हणून दुरुस्तीचा व्हिडिओ टाकला. लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, आणि कार्डावर मोठ्या लाल अक्षरांत लिहून दाखवलं — "इथे स्वतःचा नंबर घाला." आता आणखी काय करायचं माणसाने?

१५ मार्च, शनिवार

हात टेकले! एका कुलूप-किल्लीवाल्याने मोठ्या कौतुकाने आपलं नवं कार्ड पाठवलंय. वर त्याचं नाव. मध्ये मोठ्या लाल अक्षरांत "इथे स्वतःचा नंबर घाला". खाली माझा नंबर.

घरातले नियम वाढवलेत. कुरकुरीत खाणं बंद. हा आता केळी खातो. मोजे घालून चालतो. शिंक आली की जिन्यात जातो. काल जिन्यात गेला तो बराच वेळ परत आलाच नाही. एवढ्या शिंका? धडा मात्र एका दमात झाला!

१७ मार्च, सोमवार

फोन येतातच तर नीट तरी घ्यावेत. कार्डं केलेल्या सगळ्यांकडून त्यांचे खरे नंबर मागवून घेतले, आता ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवते. आज गडबड झाली. भिंती पाडणाऱ्याला चुकून दातांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. गेला आणि मधली भिंत पाडून आला. मी घाबरत घाबरत माफी मागायला फोन केला तर डॉक्टर खूश! "कधीपासून दवाखाना मोठा करायचा होता, मुहूर्तच लागत नव्हता!"

१९ मार्च, बुधवार

आईचा फोन. सवयीने मी "नमस्कार, कुठलं काम आहे?" म्हणाले. ऐकून घेतले तिचे दोन शब्द. मग विचारते, "जावई गावाला गेलेत का?"

"नाही गं, इथेच बसलेत."

"मग घरात माणसाची चाहूल कशी लागत नाही?"

मी वळून बघितलं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. मोजे घातलेले, हात मांडीवर. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. गेल्या पंधरा दिवसांत आम्ही धड एक गोष्ट बोललेलो नाही! हा कंटाळून निघून गेला तर? रविवारी बसून बोलायचं. नक्की.

२३ मार्च, रविवार

नाही झालं. अठरावा धडा दोनदा बिघडला. संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली — "थोडं बोलायचं होतं. कधी जमेल?" मी चिठ्ठीच्याच मागे लिहिलं, "सगळे धडे झाले की." आणि परत सरकवली.

२६ मार्च, बुधवार

झाले! वीसच्या वीस! कंपनीने घेतलं मला! तिथल्या बाई म्हणाल्या, "कमाल आहे तुमची, मागे एक आवाज नाही! एकट्याच राहता का?"

मी हसून म्हटलं, "छे हो, नवरा आहे ना!"

आवाज अडवायला दारावर टांगलेली गादी उतरवली. आज हा आला की समोर बसवून सगळं सांगायचं — दाढ, भिंत, 'अगं बाई', सगळं. हसू दे पोट दुखेपर्यंत!

रात्री : ऑफिसात काम होतं म्हणे. जेवला आणि झोपला. उद्या सांगते.

२७ मार्च, गुरुवार

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन. भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्या कुठल्याशा एजंटाच्या कार्डावरून. मी नुसतं "हं" म्हटलं.

"एका माणसापुरती खोली हवी होती. लवकरात लवकर. आणि हो, मला शिट्टीवर गाणी वाजवायची सवय आहे, जरा मोठ्यानेच. शेजारीपाजारी चालवून घेतील ना?"

आवाज ह्याचाच. ऑफिसच्या फोनवरून करत होता. माझा नंबर त्याला पाठ नसणारच, मला तरी त्याचा कुठे आहे.

हा शिट्टी वाजवतो?