आधी प्रत, मग जुनं काढणं

४ जून, अमरावती
सकाळी भातकुलीहून मंगलाताईंचा फोन. तिथल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या काउंटरवर असतात. आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली नि जुन्या सगळ्या नोंदी गेल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "नाझनीन, बायांच्या तारखा होत्या वं त्यात. आता कोणाले कधी बोलावू?"
ती आवृत्ती बसवणारं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉलर, मी लिहिलेला.

५ जून
गावंडे सर, आमचे मालक: "मशीन खराब असंल त्यायचं. तू काहून जीवाले लावून घेतं?"
पण मी अट घातली होती. जुनी आवृत्ती असेल तर नोंदींची प्रत काढ. दहादा वाचली. बरोबर आहे. मग प्रत का नाही?

६ जून
सापडलं. अट बरोबर, जागा चुकीची.
पॅकेज वरून खाली एकेक पायरी करतं. अट तपासतं ती त्या पायरीची पाळी आल्यावर. माझा क्रम: जुनं काढ, जुनं असेल तर प्रत काढ, नवं टाक. दुसऱ्या पायरीपर्यंत जुनं उरतंच कुठे? नोंदींची फाइलही त्यासोबत गेलेली. पायरी चुपचाप वगळली, वर "यशस्वी" असा निरोप.
बाकी जिथे हे चालवलं तिथे जुनं नव्हतंच, म्हणून कळलं नाही.
सरांना सांगितलं. म्हणाले, "भातकुलीत बोलायची गरज नाही."

७ जून, भातकुली
मी बोललेच. "ताई, चूक मशीनची नाही, माझी." त्यांनी खुर्ची सरकवली. "बस. कार्डं हायेत कपाटात. मी वाचतो, तू टाइप कर."

८ जून
अजून टाइपच. चालू महिन्यांच्या बाया झाल्या. जुन्या नोंदी अर्ध्याच कार्डांवर, बाकी गेल्या त्या गेल्याच.
ताईंना खरं सांगितल्याचं सरांना फोनवर कळवलं, आपण होऊन.

१० जून, अमरावती
नवा क्रम. सगळ्यात आधी विचारायचं, जुनं आहे का? उत्तर लिहून ठेवायचं. असेल तर प्रत. प्रतीतल्या नोंदी मोजायच्या, जुळल्या तरच जुनं काढायचं. पुढच्या सगळ्या अटी त्या लिहिलेल्या उत्तरावर.
तीन मशीनवर चालवलं. एकही नोंद गेली नाही.
सर बराच वेळ पाहत होते. "ओळी तं जवळपास त्याच हायेत."
"हो सर. जागा बदलल्या."
"आतापासून कोणतंही पॅकेज तू पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही." एवढं म्हणून उठले. मी आणखी दहा मिनिटं तशीच बसून. छान वाटलं. लिहायला काय लाजायचं.

११ जून, अकोला
घरी. अब्बांना सांगितलं. ते पुस्तकांच्या जिल्दी बांधतात, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. "सीधी बात है बेटा, इतने दिन क्यों लगे?" मग शेजारच्या दुकानात जाऊन तीच सीधी बात अर्धा तास सांगत होते. मी दारातून ऐकलं. "मेरी नाझनीन ने ढूँढा."

१३ जून, पातूर
इथल्या दवाखान्यात जुनी आवृत्ती होती. नवी टाकली. नोंदी मोजल्या, सगळ्या जागेवर. डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांपूर्वीचं एक नाव काढलं. लगेच आलं. मान ताठ झाली माझी, खरंच.
मग त्यांनी सहज विचारलं, "आन जुनं काढता काढता लाइन गेली तं?"
"पाहून सांगते," म्हटलं.
आता बसमध्ये. अर्धं काढलेलं जुनं. ते "आहे" धरायचं की "नाही"? दोन कागद भरले. अजून जमलं नाही, तिसरा काढला.