हिरव्या रंगाचा डबा

उस्ताद, रंगाचा डबा खराब होता असं तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणालात, मी नाही. फौजीसाहेब समोर उभे होते, मी बाजूला होतो, आणि तुम्ही म्हणालात, "मेरी गलती, साब. डब्बाच खराब निकला." मग मी तेच धरून बसलो तर माझं काय चुकलं? अकरा वर्षं मी हेच म्हणत आलोय. तुम्ही गेल्यालाही नऊ वर्षं झाली, पण माणूस गेला म्हणून त्याचं सगळं खरं होतं असं काही नसतं की.

आपलं दुकान नवी पेठेच्या मागच्या बोळात. स्कूटरच्या टाक्या, टेम्पोचे दरवाजे, दुकानांच्या पाट्या. मी श्रीपूरहून आलेला, आठवी अर्धी सोडलेला, सोळा वर्षांचा. कुठं दोन महिने टिकत नव्हतो, तुमच्याकडं दीड वर्ष टिकलो. आणि एका सोमवारी फौजीसाहेब खोकं घेऊन आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या लढाईत विमानांची देखभाल केलेले. खोक्यात प्लास्टिकचे बारके बारके तुकडे, सगळे जोडले की वीतभर लांबीचं नॅट विमान होणार. त्यांची बोटं थरथरत होती. म्हणाले, "उस्ताद, माझ्यानं न्हाई होत. ज्या साहेबाचं विमान मी सांभाळलं, त्यांनी पुण्यात अंथरूण धरलंय. रविवारी जाणार हाय. त्यांच्या हातात द्यायचंय." तुम्ही खोकं माझ्याकडं सरकवलं. तेव्हाच मला वाटलं, पैसे कमी आणि डोळे फुटायचं काम, म्हणून माझ्या गळ्यात मारताय.

पण मला ते काम आवडलं, हे कबूल. फौजीसाहेब रोज दहाला येऊन स्टुलावर बसतात. मी पोटाचे दोन भाग चिकटवतो, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, वाळली की पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासतो, टेम्पोच्या दरवाजाला करतो तसंच, फक्त नखाएवढं. बसायच्या जागेत बारका वैमानिक चिकटवताना साहेब ओरडतात, "नीट बघून बसीव. मागं त्वांड करून लढाई न्हाई जिंकत कुणी!" तुम्ही पाटी रंगवता रंगवता इतके हसलात की 'क्लॉथ'चा 'थ' वाकडा झाला. मग रंग. हिरवा, वर तपकिरी पट्टे, दोन्ही ऑइलपेंट, आणि ब्रशनंच मारायचे. चमक नको, असं साहेबांनी दहा वेळा बजावलं. "लढाईच्या टायमाला आमी घाईघाईत ब्रशानंच फासलं होतं. चमकलं की वरनं दिसतं, आन् दिसलं की गेलं." पंखांवरचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र मी काढलं, एका केसाच्या ब्रशनं, श्वास धरून. साहेब बघतच राहिले. म्हणाले, "उस्ताद, पोराचा हात तुमच्यापरीस थिर हाय की." तुम्ही नुसता डबा बंद केलात आणि चहा सांगितलात. ते मी डोक्यात ठेवलं.

शुक्रवारी मला ते विमान बघवेना. दीड वर्ष तुम्ही मला एकच शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला टाकीत तोंड दिसलं पाहिजे. आणि माझं सगळ्यात चांगलं काम असं मेलेलं, धूळ बसल्यासारखं. मी म्हणालो, वरून एक हात लॅकर मारू का. तुम्ही म्हणालात, "दुल्हे की गाडी है क्या रे चमकाने को? उसपे कुछ नक्को मार." कारण सांगितलं नाहीत. कारण सांगितलं नाही म्हणजे कारण दुसरं आहे, असं माझं डोकं चालतं, काय करू. मला वाटलं, पोराचं काम उठून दिसू नये, एवढंच तुमच्या मनात आहे. तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलात. मी टाकीच्या कामातलं लॅकर फवारायच्या गनमध्ये भरलं, पातळसा एक हात मारला. काय दिसत होतं, उस्ताद! धूळ बसू नये म्हणून लगेच वर खोकं पालथं घातलं आणि जेवायला गेलो.

शनिवारी सकाळी खोकं तुम्ही उचललंत. फौजीसाहेब प्रवासाची पिशवी घ्यायची म्हणून लवकर बाहेर पडलेले, तिथंच उभे. विमानाचा रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला होता. माझं चक्र तर फाटलंच होतं. तेव्हाच तुम्ही ते डब्याचं वाक्य बोललात. आणि मला वाटलं, चोरी पकडली! सस्ता माल वापरायचा, वर माझं काम नासवायचं. "पोराचा हात चांगला म्हणाले ते झोंबलं तुम्हाला," असं मी सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडलो. चोर म्हणालो. तुम्ही म्हणालात, "चाय पी ले. फिर जाना है तो जा." मी चहा घेतला नाही.

त्यानंतर रंगाला हात लावला नाही. हॉटेल केलं, ट्रॅक्टर चालवला, विटा वाहिल्या. गेल्या वर्षी मस्कतला गाड्यांच्या गॅरेजात लागलो, तिथं पुन्हा गन हातात आली. मागच्या आठवड्यात एका जुन्या दरवाजावर लॅकर मारायला गेलो तर मलबारी फोरमननं हात धरला. "नीचे ऑइलपेंट है! लॅकर मारेगा तो चमडी उठेगी. इतना नहीं मालूम? किसने सिखाया तेरे को?" माझा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. रविवारी पत्र्याच्या तुकड्यावर हिरवा ऑइलपेंट मारला, दोन दिवस वाळू दिला, वर पातळ लॅकर, आणि खोकं पालथं घातलं. अर्ध्या तासानं उचललं. तीच साय.

आता मला आठवतंय, खोकं उचलल्यावर तुम्ही पंखाला नाक लावलं होतंत. मग गनकडं बघितलंत. मग माझ्याकडं. म्हणजे लॅकरचा वास तुम्हाला आला होता. मग का नाही बोललात? मी लई विचार केला. मला ओशाळं करून बांधून ठेवायचं होतं? साहेबांसमोर मोठेपणा मिरवायचा होता? दुसऱ्याची चूक फुकटात अंगावर कोण घेतं, उस्ताद? मला तर असा माणूस दुसरा भेटला नाही, म्हणून पटत नाही.

जुन्या शेजाऱ्याकडून नंबर घेऊन तुमच्या घरी, चाचीला फोन केला. "कौन? वो विमानवाला?" म्हणाली. म्हणजे घरी माझं बोलणं व्हायचं. तिनं सांगितलं, त्या शनिवारी तुम्ही जेवला नाहीत. ब्लेडनं सगळा रंग खरवडलात, पुन्हा मारलात, आणि रविवारी पहाटे स्टेशनावर नेऊन दिलंत. "चक्कर टेढ़ा आया बोलके खुदपेच हसते थे. बोले, वो छोकरा होना था." मी विचारलं, माझ्यावर रागावले होते का. म्हणाली, "हाथ अच्छा है बोलते थे, दिमाग शक्की." आता हे मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल, असंही मनात येतं. पण चक्र वाकडं आलं, हे कुणी कशाला रचेल?

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. चाचीला मराठी वाचता येत नाही. कुणाकडून तरी वाचून घेईल, आणि संध्याकाळपर्यंत बोळात सगळ्यांना माहीत होईल. पावसाच्या आधी घरावरचे पत्रे बदलायचेत असं ती बोलता बोलता म्हणाली. मागितलं काही नाही. मीच खात्याचा नंबर विचारला, तर भाच्याच्या खात्यावर टाक म्हणाली. तो भाचा मला काही बरोबर वाटत नाही, त्याला पत्र्यांची पावती पाठवायला सांगितलीय.

डबा चांगला होता, उस्ताद. एवढं लिहायला दुपार गेली. एक तारखेला पगार झाला की चाचीला सात हजार पाठवतोय.