बंद राहिलेला वॉल्व

२२ एप्रिल, मंगळवार

दवाखान्याची सर्व्हर रूम आज दुपारी बंद पडली. आत एक्केचाळीस डिग्री! तीन तास एकही रिपोर्ट निघाला नाही. चार ऑपरेशनं पुढे ढकलली.

चूक माझी. गच्चीवरच्या चिलरचं थंड पाणी ज्या पाइपातून खोलीकडे येतं, तिथली जाळी साफ करायला मी वॉल्व बंद केला. जाळी परत बसवली, तेवढ्यात आईचा निपाणीहून फोन — बोलत बोलत खाली गेले. वॉल्व तसाच.

शेवटी गुंडूआण्णांनीच धावत वर जाऊन उघडला.

२३ एप्रिल

आमचे साहेब म्हणतात, कॅमेऱ्यात वॉल्ववर गुंडूआण्णांचा हात दिसतो! आण्णा म्हणजे चिलर चालवणारे ऑपरेटर, बावीस वर्षांपासूनचे. "बंद हुता साहेब, म्या उघडला" — कोण ऐकतंय? मी शेजारीच उभी होते. गप्प.

२४ एप्रिल

आण्णांना कामावरून काढलं.

२७ एप्रिल, रविवार

कडोलीला आण्णांच्या घरी गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते.

त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, ताट वाढलं. "खावा की ताई, लाजतासा कशाला?"

आण्णा म्हणाले, "मैत्रीताई, तुमी तरी सांगा साहेबास्नी. बावीस वर्सांत एक डाग न्हाय माज्यावर."

"सांगते," मी म्हणाले. आणि भाकरी खाल्ली. दुसरीही घेतली! काय माणूस आहे मी!

२९ एप्रिल

नाही सांगितलं.

३० एप्रिल

साहेब रजेवर. बरं वाटलं. बरं वाटलं, याचीच लई लाज वाटली.

२ मे, शुक्रवार

सांगितलं. उभ्याउभ्याच. वॉल्व मी बंद केला होता, आण्णांनी नाही.

साहेबांनी मानही वर केली नाही. "माहीत आहे. त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग बघितलंय मी. ऑपरेटर दुसरा मिळतो, इंजिनिअर कुठं शोधत बसू? जा, काम बघ."

बाहेर येऊन आण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं — माझंही, साहेबांचंही. त्यांनी एवढंच विचारलं — "लिवून देतासा?"

या वेळी मला 'ताई' म्हणाले नाहीत.

सगळं लिहिलं, साहेबांचंही. नाव, तारीख, सही. आता कडोलीची बस बघते.