समासातली भांडणं

३ मार्च
पेटी आली! विभागीय ग्रंथालयाची शंभर पुस्तकं, नऊ गावं फिरून, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे. ग्रंथपाल बाई झाकण उघडेस्तोवर दारात अकरा माणसं. आमची स्वतःची दोनशे पुस्तकं लोकांची तीन-तीनदा वाचून झालीत. पेटी आहे म्हणून वाचनालय आहे. नाहीतर मी अध्यक्ष — नुसत्या कपाटांचा! (तीही मीच ठोकलेली.)

९ मार्च
विभागाचं पत्र. पुस्तकांत पेन्सिलीने लिहिलेलं आढळतंय. गुरुवारी तपासणी. जिथे सापडेल तिथली पेटी वर्षभर बंद! बाईंनी घरोघर जाऊन पुस्तकं गोळा केली. "अध्यक्ष, खोडायला बसू या." नऊ गावांचं पाप आमच्या माथी.

१० मार्च
खोडरबर घेऊन बसलो. काय एकेक नग! एकाने लिहिलंय, 'नायक शुद्ध बावळट.' खाली दुसऱ्या गावचं अक्षर — 'आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा.' त्याखाली तिसरं — 'ताई, ह्यांना आमच्याकडे पाठवा, दोघं मिळून बसतो.' खोडताना जीव तुटत होता. बायको डबा घेऊन आली ती तिथेच बसली. खोडायचं राहिलं बाजूला, मोठ्याने वाचत सुटली!

११ मार्च
एका कादंबरीत सुतार एका दिवसात चौकटीसकट दार करून बसवतो. चाळीस वर्षं रंधा मारतोय मी! राहवलं नाही. लिहिलं — 'थाप. चार दिवस लागतात. एक सुतार.' जेवून आल्यावर खोडू.

१२ मार्च
जेवून झोपलो होतो!
तपासणीस बाई मोजकं बोलणाऱ्या. सत्त्याण्णव पुस्तकं स्वच्छ. पुढचं उघडलं. माझे कान तिखट — पानांची सळसळ थांबली तेव्हाच ओळखलं. "हे कोणी लिहिलं?" ग्रंथपाल बाई माझ्यासाठी खोटं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हटलं, "मी." तपासणीस बाईंनी पेटी गाडीत चढवली. "कळवू."
बायको म्हणते, "नऊ गावांचं खोडलंत, स्वतःचं तेवढं जपून ठेवलंत!"

२९ मार्च
पत्र नाही, पेटी नाही. लोक येतात, कपाटांकडे बघतात, मग माझ्याकडे. मी मागच्या दाराने ये-जा करतोय.

६ एप्रिल
पेटी! प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं शिवलेली. वर शिक्का — 'भांडायचं ते इथे.' सुताराच्या कादंबरीत पहिलंच अक्षर तपासणीस बाईंचं —
'माझे वडील एका दिवसात करतात. रविवारी घेऊन येते. लाकूड तयार ठेवा.'