अडीचच्या बांगड्या

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी साबणाचा वास आठवावा लागतो. बांगड्या भरताना गिऱ्हाइकाच्या हाताला तू लावायचीस तो साबण. मग हळूहळू तू बोलायला लागतेस, "हात ढिला सोड वं बाई, मी काही तोडून नेत नाही." मला शाळेतून काढून तू बाजारात टोपलीशेजारी बसवलंस, त्याचा राग आता राहिला नाही. वाचायला मी शिकलेच की, बांगड्यांच्या जुड्या बांधून यायच्या त्या रद्दीच्या कागदांवर. त्यामुळे अर्ध्याच बातम्या वाचायची सवय लागली, पुढचा कागद फाटलेला असायचा. लिहिण्यात चुका होतील. पण तुला अक्षरओळख नव्हती, तेव्हा तू काही पकडणार नाहीस. सांगायचं आहे ते असं, की तुझी नात, माझी एकुलती लेक, वैशाखातल्या भावाच्या लग्नापासून घरी आलेली नाही, आणि ती येत नाही याला मी कारण आहे. हे इथे यवतमाळात मी कोणाला सांगू शकत नाही. विचारणाऱ्याला सांगते, पुण्याला नोकरी आहे, सुट्टी मिळत नाही.

तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता तिच्या कानाजवळ एक-दोन केस पांढरे दिसतात. पुण्याला ती एका मुलीबरोबर राहते. आधी मी समजत होते, मैत्रीण आहे, भाडं वाटून राहतात. मग एकदा दिवाळीला आली असताना ती माझ्याशेजारी चुलीसमोर, म्हणजे गॅससमोरच, पण मी अजून चूलच म्हणते, उभी राहून म्हणाली, "माय, आम्ही दोघी संगं राह्यतो, ते तसं नाही. नवरा-बायको राह्यते तसं." मी कढईतलं वांगं परतत होते. मी म्हटलं, "मीठ पाह्य बरं जरा." तिने चमच्यावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर आहे." तेवढंच बोलणं झालं. रात्री तुझ्या जावयाला सांगितलं तर ते कूस बदलून म्हणाले, "पोरगी सुखात हाय ना? मंग आपुन काहून डोकं लावा?" आणि घोरायला लागले. मला मात्र झोप नाही. वाईट वाटत होतं म्हणू की भीती वाटत होती म्हणू, माझं मलाच कळेना. लोक काय म्हणतील हे मी लोकांच्या आधीच स्वतःला म्हणून घेत होते.

त्या दुसऱ्या मुलीशी माझी खरी ओळख झाली ती फ्रीजमुळे. हसशील तू. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही नवा फ्रीज घेतला आणि महिनाभरात त्याने थंड करणं सोडलं. आतला दिवा मात्र झकास लागायचा. रात्री ठेवलेलं दूध सकाळी फाटलेलं. दुकानदार म्हणे कंपनीला फोन लावा, कंपनी म्हणे दुकानदाराला विचारा. फोन लावला की एक बाई हिंदीत सांगते, हे दाबा, ते दाबा. दाबता दाबता गाणं सुरू होतं आणि गाणं संपलं की फोन कटतो. एक दिवस तर मोबाइलवर संदेश आला, आपली तक्रार सोडवली आहे, आम्हाला किती तारे द्याल. दारात कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. मी लेकीला फोन करून रडकुंडीला आले, तर ती म्हणाली, "थांब, हे काम हिचं आहे. हिला असं भांडायला आवडते." आणि फोन तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून ती पोरगी रोज ऑफिसातून त्या कंपनीच्या मागे लागली. आवाज चढवायची नाही. "तुमचं नाव सांगा, तुमच्या वरच्यांचं नाव सांगा, मी थांबते," असं म्हणून खरंच थांबायची. एकदा मलाही फोनवर जोडून घेतलं होतं, मालक मीच म्हणून. तिकडच्या माणसाने तिला विचारलं, "मॅडम, आप कस्टमर की कौन लगती हैं?" ती म्हणाली, "बेटी हूँ उनकी." अडखळली नाही. फोन संपल्यावर मला म्हणाली, "सॉरी हां काकू, त्यांना काहीतरी सांगावंच लागतं. नाहीतर बोलतच नाहीत." मी म्हटलं, "बरोबर सांगतलं तू." तेव्हापासून ती फोनवर मला आई म्हणायला लागली. शेवटी लोहाऱ्याहून मेकॅनिक आला, मागचा कॉम्प्रेसर बदलला, आणि पहिला बर्फ झाला तेव्हा मी त्याचा फोटो लेकीला नाही, तिला पाठवला.

आता लग्नाचं सांगते. माझ्या धाकट्याचं लग्न होतं, तुझ्या नातवाचं. दोघी आल्या होत्या. आदल्या दुपारी बैठकीत सतरंजी अंथरून बांगड्या भरायला बसलो. दुसरं कोणी कशाला बोलवायचं, नवरदेवाची मायच बांगड्या भरणारी. रीत तुझीच चालवली. लग्न झालेलीला हिरव्या, कुवारीला रंगीत. घरातल्या सगळ्यांच्या भरून झाल्या, मग शेजारणी बसल्या. ती पोरगी इतका वेळ पाणी वाटत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून हात पुढे केला, "मलाही भरा ना." मी हात हातात घेतला. तुला तर ठाऊक आहे, हात घेतला की माप कळतं. अंगठ्याखालचं हाड जरा रुंद, पण तळवा मऊ. अडीचच्या.

तेवढ्यात माझी मोठी नणंद भिंतीला टेकून बसली होती ती बोलली, "हे कोन वं? तुह्या पोरीच्या मांगंमांगंच दिसून राह्यली."

"मैत्रीण हाय तिची," मी म्हटलं.

"लग्न झालं का हिचं?"

"नाही."

"नाही कशी म्हंतं? मले तं येगळंच आयकू आलं." मग बायांकडे पाहून, "हिले कोनत्या भरशीन मंग? हिरव्या भरशीन तं कोनाच्या नावाच्या?"

बाया हसल्या. फार वाईट नव्हत्या हसल्या, लग्नघरी हसतात तशाच. पण माझ्या हातातला तो हात एकदम जड झाला. पेटीत अडीचच्या हिरव्या जुड्या होत्या, माझ्या गुडघ्याला लागूनच. मी हात सोडला आणि म्हटलं, "तुह्या मापाच्या संपल्या, बाई."

तिने ते खरं मानलं, माय. तिला वाटलं, हे फ्रीजसारखंच आहे. वस्तू नाही तर मिळवायची. "कुठलं माप?" विचारलं, मी अडीच म्हटलं, आणि ओढणी डोक्याला गुंडाळून भर उन्हात ती घरच्या स्कूटीवर बाजारात गेली. आपल्याकडचं वैशाखातलं दुपारचं ऊन, रस्त्यावर माणूस नसतो. ती परत आली तेव्हा तोंड लालबुंद, केस घामाने चिकटलेले, हातात बांगड्यांचा डबा. दारातूनच म्हणाली, "काकू, मिळाल्या. आधी तडकलेल्या देत होता. मी तिथेच डबा उघडून एकेक पाहून बदलून घेतल्या." त्याच बाया आता कौतुकाने हसल्या. एक म्हणाली, "अशी पोरगी बाजाराले संगं न्या लागते." मी मात्र वेगळंच ऐकत होते. तिने मला काकू म्हटलं होतं. फोनवरची आई तिने चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली होती, माझ्यासाठी. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "ठेव तिथं. हात भरून आले माहे. मंग भरीन." ती उठली. त्यानंतर मी आणखी तिघी शेजारणींच्या बांगड्या भरल्या.

संध्याकाळी लेक माझ्यासोबत पेटी आवरायला बसली. एक जुडी उचलून म्हणाली, "माय, अडीचच्या तं हायेतच की वं."

मी म्हटलं, "तडकलेल्या हायेत त्या."

तिने जुडी कानाजवळ नेऊन हलवली. तिला मी हा धंदा शिकू दिला नाही, पण एवढं तिला लहानपणापासून माहीत आहे. आत एक जरी तडकलेली असली तर जुडी बसका आवाज देते. ती जुडी साफ वाजली. लेकीने ती पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि आत गेली.

लग्नाच्या दिवशी त्या पोरीच्या एका हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि दुसरा हात रिकामा. लेकीने भरून दिल्या असणार. तिला हात दाबता येत नाही, अर्ध्याअधिक फुटल्या, दुसऱ्या हाताला पुरल्या नसतील. मनगटाजवळ ओरखडे होते. नणंद म्हणाली, "एकाच हातात? हे काय नवीन?" तर ती हसून म्हणाली, "हो आत्या, सध्या अशीच फॅशन आहे." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. लेकीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दोघी गेल्या.

तू मला त्या दुपारी आठवली नाहीस. आठवली असतीस तर बरं झालं असतं असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, तसं मी करणार नाही. तू आठवलीस ती नंतर, आषाढात, भांडी घासताना. लहानपणी मी तुझ्याशेजारी बसायचे तो मारेगावचा बाजार. दुकानादुकानांतून टाळी वाजवून मागणाऱ्यांपैकी एक जण, लुगडं नेसलेला, दाढी घोटलेला, आपल्या टोपलीसमोर बसला आणि त्याने, का तिने म्हणू, हात पुढे केला. शेजारच्या बाया उठून गेल्या. मी घाबरून टोपली आपल्याकडे ओढली. तू म्हणालीस, "टोपली काहून सरकवली? ठेव तिथंच." आणि साबण मागितलास. हात मोठा होता, हाडं जाड. तू अंगठा दुमडून, दाबून, कुरवाळून, एकही न फोडता बांगड्या भरल्यास. भरताना नेहमी विचारायचीस तसं विचारलंस, "जेवली का?" ती म्हणाली, "हो माय." बस. घरी आल्यावर तू नेहमीसारखी चिल्लर मोजायला बसलीस. मी तुला देवी करत नाही. आपल्या रंडक्या मावशीने एकदा गंमत म्हणून हात पुढे केला तर तू तो मागे सारला होतास. तुझे स्वतःचे हात बाबा गेल्यापासून रिकामेच होते आणि तू ते कधी कोणाच्या नजरेत येऊ दिले नाहीस. कोणाचे भरायचे आणि कोणाचे नाही, हे तूही ठरवलेलंच होतंस. पण कोणाला खोटं माप सांगितलं नाहीस तू.

पेपरात मी आता अख्ख्या बातम्या वाचते. कोर्टाने म्हटलं, असं राहणं गुन्हा नाही. मग म्हटलं, पण लग्न म्हणून मान्यता देणं आमचं काम नाही, सरकारने पाहावं. माझ्या लेकीला उद्या काही झालं तर दवाखान्यात तिच्यासाठी सही करायला धावतील ते आम्ही, शेकडो कोसांवरून, आणि जी रात्रंदिवस उशाशी असेल तिला विचारतील, तुम्ही कोण लागता. मी हे वाचून हळहळायचे. म्हणायचे, काहीतरी करायला पाहिजे कोणीतरी, आपल्या हातात काय आहे. आणि त्या दिवशी माझ्या हातात तिचाच हात होता की.

परवा लेकीचा फोन आला. दिवाळीचं विचारलं तर म्हणाली, "येतो ना. पण तिला तू बोलाव, माय. माह्या तोंडून नाही." मी दोन दिवस फोन घेऊन बसले, आणि काल दुपारी लावला. ती म्हणाली, "बोला काकू." फोनवरही काकू. मी म्हटलं, "दिवाळीले ये. दोघी या." ती म्हणाली, "येऊ की. इकडून काही आणायचं का?" मी नको म्हटलं. तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "लग्नाच्या दिशी, ते बांगड्या..." आणि थांबले. पुढचं सगळं तोंडाशी होतं, जुड्या होत्या म्हणून, मी खोटं बोलले म्हणून, जे तुला इतकं सविस्तर लिहिलं ते सगळं. तुला लिहिणं सोपं आहे, तू उलट काही विचारणार नाहीस. हे खरं तर तिला लिहायचं पत्र आहे. तिने जरा वाट पाहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या, काकू."

आणि माय, मी राहू दिलं.