थेंबांचा बंदोबस्त

आदरणीय दाजी यांना,

मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला शब्दशः घ्यावा. गेला आठवडा मी आडवाच होतो, फक्त पोटाऐवजी पाठीवर आणि देवाऐवजी गाडीखाली.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जिने कमी करा आणि डॉक्टरांचं ऐका. ताईच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण ती ठणठणीत असणार आणि तुम्हांला औषधाच्या वेळांवरून धारेवर धरत असणार. आम्ही इकडे मजेत आहोत. माझी मान डावीकडे वळत नाही, पण डावीकडे बघण्यासारखं सध्या काही नाही.

आता मूळ विषय. तुम्ही गाडी चालवणं सोडलंत तेव्हा ती माझ्या हवाली करताना म्हणाला होतात, की हिला जपा, हिने मला कधी दगा दिला नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, जे झालं त्यात गाडीचा काडीइतकाही दोष नाही. झालं असं की पंधरा दिवसांपूर्वी तिचा एसी बंद पडला. बटण दाबलं की दिवा लागायचा, आवाज यायचा, पण जाळीतून हवा म्हणून जी काही यायची ती एखाद्या आजारी माणसाने चहावर घातलेल्या फुंकरीइतकी. बाहेर ऊन असं, की स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी फडकं लागावं. एरवी मी काचा खाली करून निभावलं असतं (तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात उन्हातच काढली), पण मंगळवारी लेक बाळंत झाली. दवाखाना तिच्या गावी, म्हणजे इथून तीन तासांवर, आणि शनिवारी घरी सोडणार होते. महिनाभर तिने आमच्याकडे यायचं हे केव्हाचं ठरलेलं. तर बुधवारी व्याह्यांनी अत्यंत गोड आवाजात फोन केला, की तुमच्या गाडीचा एसी बंद आहे असं कानावर आलं, एवढ्या उन्हात चार दिवसांचं बाळ तीन तास कसं न्यायचं, त्यापेक्षा आमची नवी गाडी आहे, दहा मिनिटांवर आमचं घर आहे, बाळ-बाळंतीण इकडेच राहू देत. माणूस सज्जन आहे, म्हणून राग जास्त आला. लेकीने संध्याकाळी स्पष्ट सांगितलं, बाबा, मला आईकडेच यायचंय, पण गाडी गार असेल तरच. मी म्हणालो, झालीच म्हणून समज. त्या क्षणी दाजी, मला एसी गाडीत नेमका कुठे असतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिक कशाला असतो? आमच्या मेकॅनिकला आम्ही ‘परवा’ म्हणतो. टायरची हवा बघायची असली तरी तो परवा या म्हणतो, आणि शुक्रवारपर्यंत त्याचा फार तर एकच परवा बसला असता. शिवाय मी ठाम होतो, की ही गळती आहे. एसीत गॅस असतो, गॅस नळ्यांतून फिरतो, आणि नळी म्हटली की तिथे माझा शब्द अखेरचा. गावाच्या पोटातल्या नळांची गळती मी रस्त्यावर लोखंडी दांडी टेकवून आणि तिला कान लावून शोधत आलो. ती दांडी अजून माझ्याकडे आहे. गुरुवारी सकाळी बॉनेट उघडून मी ती इंजिनाच्या एकेका अवयवाला टेकवली. आत बसून बटण दाबायला सौभाग्यवती. पण बॉनेटआडून आम्हांला एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून मी खुणा ठरवल्या: बटण चालू केलं की एकदा हॉर्न, बंद केलं की दोनदा. पहिल्या हॉर्नच्या वेळी माझा कान दांडीला होता आणि दांडी हॉर्नपासून चार बोटांवर होती. त्यानंतर दुपारपर्यंत मला गळतीच काय, सौभाग्यवतीही ऐकू आली नाही. (ती म्हणते, फरक जाणवला नाही.) अकराव्या हॉर्नला वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांच्या हातात दाढ उपटायचा चिमटा होता, बहुधा घाईत तसाच राहिला असावा, पण आम्ही हॉर्न बंद केले.

मग साबणाचं पाणी. गळक्या जागी फेसाचा बुडबुडा फुगतो, ही आमच्या खात्याची जुनी रीत. मी ब्रशने सगळ्या नळ्यांना फेस लावला. नळी कोणती आणि तार कोणती अशी शंका आली तिथे दोघींनाही लावला. इंजिन दाढीला बसल्यासारखं दिसायला लागलं, बुडबुडा मात्र एकही नाही. म्हणजे गॅस शाबूत. हे खरं तर चांगलं लक्षण होतं, पण माझा इतका हिरमोड झाला की मी जेवलो नाही. मग समोरचा कप्पा स्क्रू काढून उतरवला आणि त्याच्यामागची हवेची जाळी काढली. ती चिंब ओली. मी म्हणालो, साबणाचं पाणी गेलं असेल. सौभाग्यवती म्हणाली, बाहेरून लावलेलं पाणी आत कसं जाईल? मी म्हणालो, पाण्याच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस.

इथे मी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी, जी मी सांगणार नव्हतो. ती बाई बत्तीस वर्षं गणित शिकवत आली. तिने एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे ‘दिलेले’ असं लिहून खाली रेघ मारली आणि शांतपणे मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाऊस पडलाय का? नाही. तरी प्रत्येक वळणावर माझे पाय भिजतात, ते तुम्ही म्हणता तसे माझ्या बाटलीने भिजतात का? (मी तसं म्हणत आलो होतो.) बाटली मी गेला आठवडा बरोबर घेतच नाहीये. बरं, एसी चालायचा तेव्हा गाडीखाली थेंब थेंब पाणी पडायचं, ते हल्ली दिसत नाही, ते कुठे गेलं? इथे मला घाम फुटला. कारण ते थेंब मी बंद केले होते. दाजी, मी काय करू? जन्मभर थेंब दिसला की तो थांबवायचा हेच केलं. महिन्यापूर्वी गाडीखालून पाणी टपकताना दिसलं, खाली शिरून पाहिलं, एक लहानशी रबरी नळी उघडी सापडली. कुणाच्या तरी हलगर्जीपणाने उघडी राहिली असणार, असं वाटून मी तिला बूच बसवलं. साधंसुधं नाही, आत सरस, वरून चिकटपट्टी, त्यावर तारेचे तीन वेढे. खात्यात असतो तर त्या बुचाबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली असती. गारव्यामुळे हवेतली ओल निथळते आणि ते पाणी बाहेर सोडायलाच ती नळी असते, हे मला सौभाग्यवतीने सांगितलं. तिला ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सापडलं. ते पुस्तक मीच टेबलाच्या डगमगत्या पायाखाली ठेवलं होतं.

मी निमूटपणे गाडीखाली गेलो आणि बूच उपटलं. काम इतकं पक्कं झालं होतं की अर्धा तास लागला, आणि निघालं तेव्हा महिन्याभराचा साठा एकदम माझ्या छातीवर आला. तिने बादली सरकवली, पण उशिरा. (तिला ती वेळेवर सरकवता आली असती असं माझं मत आहे.) आतला पंखा त्या पाण्यात भिजला होता आणि त्याचा फ्यूज उडाला होता. तिने केस वाळवायच्या यंत्राने पंखा वाळवला, मी नवा फ्यूज घातला. शुक्रवारी दुपारी चार वाजता बटण दाबलं, आणि दाजी, जाळीतून असा गार झोत आला की आम्ही दोघं काचा लावून पुढच्या सीटवर नुसते बसून राहिलो. मला हसू येत होतं आणि थांबत नव्हतं. तिने माझ्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं गार मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी दवाखान्याच्या दारात व्याही त्यांची नवी गाडी घेऊन उभे होतेच. त्यांनी आमच्या गाडीत डोकं घातलं, हात जाळीपुढे धरला, काढला, पुन्हा धरला आणि म्हणाले, छान आहे हो. मग स्वतःच्या हाताने बाळाची पिशवी आमच्या गाडीत ठेवली. माझा सगळा राग तिथेच उतरला. मी त्यांना म्हणालो, पुढच्या रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे या. तीन तास बाळ गाढ झोपलं, लेक झोपली, सौभाग्यवतीही झोपली. मी एकटा जागा होतो आणि फार सुखात होतो.

तुमच्या गाडीची इज्जत राहिली, हे कळवण्यासाठी एवढा पत्रप्रपंच. ताईला नमस्कार.

आपला,
मेव्हणा

ता. क. बाळ आता त्या गाडीशिवाय झोपत नाही. पाळण्यात ठेवलं की टाहो, गाडीत नेऊन एसी लावला की मिटले डोळे. आम्ही दोघं पाळ्या लावून गाडीत बसतो. हे पत्रही मी स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिलंय, म्हणून अक्षर वाकडं. दुपारी दोन ते पाचची पाळी रिकामी आहे. तुम्हांला गाडीची सवय आहे आणि नुसतं बसायला गुडघा लागत नाही. उद्याच निघा.

ता. क. २. सौभाग्यवतीने आत्ताच पत्र तपासलं आणि पन्नासपैकी बारा गुण दिले. ती म्हणते, मंगळवारी तुम्ही ताईंना ‘दोघंही सुखरूप’ एवढंच कळवलंत, त्या सहा दिवस वाट बघतायत, आणि एवढ्या लांबलचक पत्रात फ्यूज आहे, फेस आहे, बूच आहे, पण जे हवं तेच नाही. तर ताईला सांगा, मुलगी आहे. आणि नाक थेट तिचं आहे.